मशीन लाल होतं

६ फेब्रुवारी १९९४
सिकंदराबादच्या क्लबने भंगार काढलं. बाकीच्या सभासदांनी मोडक्या खुर्च्या उचलल्या. मी सोड्याचं मशीन उचललं. नाणं टाका, बाटली बाहेर. आमच्या काळी आम्हाला माहीत असलेलं एकच. आता अंगावर पोपटी ऑइलपेंट. कोणीतरी गेट रंगवून उरलेला डबा संपवलेला दिसतो.
मी बघताक्षणी ओळखलं. इलोक्युशन स्पर्धा जिंकल्यावर मदर सुपीरियर आम्हा मुलींना क्लबात घेऊन गेल्या होत्या. याच मशीनमधून मी सोडा प्यायले. मशीन लालभडक होतं. म्हणजे अमेरिकन. लाल पाटीची ती कोला कंपनी गेल्या वर्षी देशात परत आल्यापासून लोक आरती ओवाळायचे तेवढे बाकी आहेत. माझ्या व्हरांड्यात तिचा पूर्वज आलाय म्हटल्यावर काय करतील बघू.
दिगंबरने विचारलं, हे राहायला आलंय का. चाळीस वर्षं वकिली केलेल्या नवऱ्याला एवढाच प्रश्न सुचतो.
दाराचं कुलूप गंजलंय. तेल घातलं. किल्ली मिळाली आहे, ती जपून ठेवली. कुठे ते लिहीत नाही. ज्यांना आठवत नाही त्यांनी लिहावं.

७ फेब्रुवारी
आशिष आणि सूनबाई शिल्पा आले. चहा, मग भाषण. बरकतपुऱ्याचं घर बंद करा, आमच्याकडे सिकंदराबादला राहायला या. कारण काय, तर आई विसरते. गॅस एकदा चालू राहिला होता. दुसऱ्यांदा राहिला तेव्हा वारा होता.
मी त्याला म्हटलं, बाळा, चव्वेचाळीस साली वर्गात कोण कुठे बसायचं ते सांगते, लिहून घे. तो म्हणाला, आई, चव्वेचाळीस नको, कालचं सांग. शिल्पाने त्याला कोपर मारलं. मी पाहिलं.
मग मीच पैज लावली. हे मशीन मुळात लाल होतं असं मला आठवतं. खरवडून दाखवते. लाल निघालं तर हा विषय पुन्हा या घरात काढायचा नाही. नाही निघालं तर बॅग भरते. दिगंबर म्हणाला, विचार कर. विचार ज्यांना शंका असते ते करतात.

१४ फेब्रुवारी
कुलपात तेल मुरलं. किल्ली नाही. दिगंबरने उचलली असणार. किंवा क्लबच्या सेक्रेटरीने दिलीच नसेल. भामा भांडी घासता घासता म्हणते, अम्मा, बीरुवात बघा. माझ्या बीरुवात, म्हणजे कपाटात, माझ्या साड्या असतात. तिला तिथे हात लावायची मनाई आहे, म्हणून तिचं सगळं लक्ष तिथेच.
दार नंतर उघडू. रंग बाहेर आहे, आत नाही.
संकल्प: रोज सकाळी एक वीत खरवडणे.

१९ फेब्रुवारी
पाहुणे होते.

२३ फेब्रुवारी
सांधे.

२ मार्च
सुरेश पेंटरला बोलावलं. नारायणगुड्यात पाट्या रंगवतो. त्याला विचारलं, खालचा मूळ रंग कळेल का. म्हणाला, आप जो बोले वोइच कलर, अम्मा. असा माणूस घरात नाही.
पोपटीखाली निळा निघाला. निळ्याखाली राखाडी. क्लबात कोणी मोठा साहेब येणार म्हटलं की जे हलत नाही ते रंगवून काढायचे. मला हे नवीन नाही. मी शाळा तपासणीस होते. माझ्या भेटीच्या आदल्या दिवशी शाळा रंगवायच्या. ओल्या भिंतींना टेकून दोन साड्या घालवल्या. रंगाखाली काय आहे हे ओळखण्यातच माझी सगळी नोकरी गेली. आशिषला हे सांगितलं पाहिजे. तो म्हणेल, सांगितलंस आई, मागच्या आठवड्यात.

१३ मार्च
राखाडीखाली गर्द हिरवा. गुळगुळीत, चकाकणारा, खरवडता खरवडत नाही. हा प्रायमर. अमेरिकन लोक कामात कुचराई करत नाहीत.
दिगंबर चष्मा लावून वाकला. म्हणाला, प्रायमरला एवढी पॉलिश कशाला? आणि हे पिवळं काय?
दरवाजाच्या मधोमध एक गोल पिवळा डाग आहे, वर दोन पानांसारखं काहीतरी. गंज असा कसाही पसरतो. दिगंबरला म्हटलं, तू कोर्टात रंगाची केस लढवली होतीस का?

२० मार्च
सुरेश म्हणाला, हरा बी निकाल डालूं? म्हटलं, निकाल डालो. पानं, डाग सगळं गेलं. खाली कोरा पत्रा.
लाल नाही. उघड आहे. इतक्या वर्षांच्या उन्हात लाल उडून गेला. लाल रंग सगळ्यात आधी उडतो, कुठल्याही छत्रीला विचारा.

२७ मार्च
सुरेशने लाल मारला. दोन हात. मशीन हुबेहूब माझ्या आठवणीसारखं दिसतंय. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा.
दिगंबर म्हणतो, हा पुरावा आपण स्वतः रंगवलाय. वकील.
रजनीला फोन केला. ती माझ्याच वर्गातली, त्या दिवशी क्लबात होती. साक्षीला ये म्हटलं. म्हणाली, मशीनचं आठवत नाही गं, तुझ्या जिभेचं आठवतं. माझ्या जिभेबद्दल लोक आयुष्यभर बोलत आले आहेत. त्यात काय नवीन.

९ एप्रिल
उद्या सगळे येणार. निळी वेंकटगिरी साडी नेसणार. आईची, खास प्रसंगाची. भाषण तयार आहे. सुरुवात इंग्रजीत. आशिषला माफ करायचं, पण लगेच नाही.

१० एप्रिल
सगळे जमले. मशीन झाकलेलं, वर चादर. वेंकटगिरी बीरुवातून काढून आणली, नेसायची बाकी. शिल्पा म्हणाली, आई, साडीच्या घड्या पडल्यात, इस्त्री फिरवून देते. हॉलमध्ये सगळ्यांसमोर साडी झटकली.
किल्ली फरशीवर पडली.
भामा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बघा म्हटलं होतं, असं ती म्हणाली नाही. हे तिला कसं जमलं कळत नाही.
आशिषने किल्ली उचलली. कुलूप एका फेऱ्यात उघडलं, तेल चांगलं मुरलं होतं. आत ब्रश कधी पोचलेलाच नाही. दाराची आतली बाजू गर्द हिरवी. मधोमध पिवळं लिंबू, वर दोन पानं. खाली इंग्रजीत: दख्खन लेमन, सिकंदराबाद. अमेरिका तिथून बरीच लांब.
रजनी हसायला लागली. अगं, आता आठवलं, मशीन हिरवंच होतं. तू रासबेरी सोडा प्यायलीस, तुझी जीभ लाल झाली, मदरना वाटलं तू पान खाल्लंस. परत जाताना बसमध्ये तुला पुढच्या सीटवर बसवलं होतं.
पुढची सीट मला आठवते. ते बक्षीस होतं असं मला आठवतं.
आशिष मशीनकडे बघत होता, माझ्याकडे नाही. तो ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं.
तेवढ्यात दिगंबर म्हणाला, किल्ली मीच ठेवली होती साडीत. लक्षातच राहिलं नाही.
आशिष हळूच म्हणाला, म्हणजे आता बाबापण.

११ एप्रिल
दिगंबरने सगळ्यांसमोर कबूल केलं. मी पहिल्यापासून म्हणत होते की त्यानेच उचलली.
दिगंबरला माझं कपाट कुठल्या बाजूने उघडतं तेही माहीत नाही.
जूनमध्ये सिकंदराबादला जायचं ठरलं. दोघांनी. ठरलेला तिसरा हात सुरेश सकाळीच मारून गेला. नंतर दिगंबर व्हरांड्यात लाल मशीनला टेकून पेपर वाचत होता. रंग अजून ओला आहे हे त्याला सांगितलं नाही. नंतर सांगितलं.
किल्ली स्वयंपाकघरात, कॅलेंडरच्या खिळ्याला.