मामंजींनी बंद केलेली चिनी मालिका

पलूस, मंगळवार, १९९६

आज केबलवर चिनी मालिकेचा पहिला भाग लागला. भाषा कळली नाही, गोष्ट कळली. ढगातली परी मासे धरणाऱ्या गड्याच्या प्रेमात पडते. देव न्यायला येतात, गडी होडीमागं लपतो, पण ती परत जात नाही. माझे डोळे भरले. तेवढ्यात मामंजींनी टीव्ही बंद केला. चीनच्या लढाईत गोळी लागून त्यांचा पाय अधू झालाय.

"त्यांच्यासाठी रडतीस व्हय गं?"

"आवं मामंजी, गोळी तिनं न्हाई मारली."

मी उठून टीव्ही पुन्हा लावला. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्यांचा शब्द पहिल्यांदाच मोडला. चुकलं का? नाही.

मामंजी उठून गेले नाहीत. पडद्याकडं बघत म्हणाले, "त्यो गडी लय भित्रा हाय."

"व्हय," मी म्हटलं, "ती न्हाई."