लंडनहून आलेला निकाल

पिनांग, १९०८

बून तिआंगदादा,

आपल्या पूर्वजघराची किल्ली कोणी ठेवायची, हे ठरवायला लंडनच्या न्यायाधीशांना नऊ वर्षं लागली. तोवर कोर्टाचं कुलूप. आत पूजेला मांडलेल्या बाबांच्या नावाच्या पाटीपुढे नऊ वर्षांत एक उदबत्ती लागली नाही. बायको म्हणायची, "त्या सायबांना उदबत्तीचा वास तरी ठाऊक आहे का?" मी तिच्यावर खेकसायचो. हट्ट तुझ्याइतकाच माझाही होता, कबूल.

काल निकाल आला. तू जिंकलास. किल्ली थोरल्याचीच, धाकट्याने हात लावायचा नाही!

पण तू नववर्षालाच वारलास, मागे पाटी पुजायला मूलबाळ नाही. तुझ्या नावाची पाटी माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यापाशी उभी आहे. एवढा जिंकलास ना? मग ये आणि कुलूप उघड.

तुझा हरलेला भाऊ,
एंग सू