कोपऱ्यातला पोपट

कसबा बावडा

तीर्थस्वरूप आक्का,

सगळ्यात आधी मामा आला. मुलगा न्हाय, मुलाचा मामा, आणि तो बी शेजारणीच्या घरात जाऊन बसला. चहा संपल्यावर कळलं, घर चुकलं. (तुला शरणार्थी म्हणायचं राहिलंच की. गुडघा कसा हाय? फोनवर तुला ऐकू येत न्हाय, म्हणून लिहितेय.) मागनं मुलगा संगमेश आणि त्याची आई, शिरोळहून, आपल्या शिवलीलाला बघायला. आमची नात तुला ठाऊकच हाय. आलेल्या स्थळाकडं मान वर करून बघत न्हाय, आणि पावणं गेले की "नको" म्हणून मोकळी.

पोहे दिले. संगमेशच्या दाताखाली मिरची आली. गड्याच्या डोळ्यानाकाला पूर. (शिरोळची माणसं, दरसालच्या पुराला भीत न्हाईत.) खिशातनं कागदाचा रुमाल काढला, त्याचा दाढीत चुरा झाला. आक्का, कागद हा काय रुमाल हाय? रुमाल म्हंजे आमच्या ह्यांचा. माझ्या लग्नात तूच कोपऱ्यात पोपट भरून दिलेला. त्याच्याखाली बोटं दाबून ह्यांनी गूळबाजारात सौदे केले, शेजारी उभ्या माणसाला भावाचा पत्ता न्हाय. एसटीच्या खिडकीतनं टाकला की जागा आपली, उचलायची कुणाची छाती न्हवती. जत्रेतनं माझ्यासाठी भडंग त्यातच बांधून आणायचे. आणि शेवटच्या आजारात कपाळावर ओली घडी त्याचीच. तवापास्नं तो माझ्या कमरेला खोचलेला, कुणाला हात लावू दिला न्हाय.

तोच मी काढून त्या पोराला दिला. कसा दिला, मला बी कळलं न्हाय. त्यानं नाक शिंकरलं, आणि शिवलीला हसली. मान वर करून हसली, आक्का! मग त्यानं रुमाल नीट घडी करून खिशात घातला. "धुऊन आणून देतो, आज्जी." मी मनात म्हटलं, ह्यांचा रुमाल पडला, आता जागा आपली.

तुझी,
हिरा

ता. क. – जाताना मुलाच्या आईनं विचारलं, "पोपट कुणी भरला?" माझ्या तोंडातनं गेलं, "आमच्या शिवलीलानं." तर बाई म्हणाल्या, "मला बी एक भरून ठेव गं पोरी, पुढच्या खेपेला नेते." पोरीला सुईत दोरा ओवता येत न्हाय. तवा एक पोपट भरून लगेच धाड.

ता. क. – धाडू नको. आत्ता बघितलं, पोरगी स्वतःच सुई घेऊन बसलीया. पोपटाचं वांगं झालंय, बोटं टोचलीत, पण उठत न्हाय. तूच ये शिकवायला, नेसरीतनं सुटणारी पहिली गाडी धरून. पावणं बेस्तरवारी येतो म्हणालेत.