लिटरला चार झाकणं

८ मे २००९

दिली! अब्बांनी लॅम्ब्रेटा इमादला देऊन टाकली! जुम्म्याच्या जेवणाला दोन्ही चाचा बसलेले, त्यांच्या देखत. "स्कूटर इमादची." पक्षाघात झाल्यापासून अब्बांच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघतात, त्यातले दोन माझ्या भावासाठी. मी तेव्हा शेवया वाढत होते.

इमाद बहारीनहून महिनाभराच्या रजेवर आलाय. त्या स्कूटरला त्याने आजवर फडकंसुद्धा मारलेलं नाही.

९ मे

डोकं फिरलंय. इंजिन मधोमध, आडवं निजवलेलं, म्हणून ही गाडी एका अंगाला ओढत नाही — हे मला अब्बांनी नवव्या वर्षी गॅरेजात दाखवलं, दोन्ही बाजूंचे पत्रे उतरवून. कार्बोरेटर मी धुवायची. क्लचची वायर मी ओवायची, कारण माझी बोटं बारीक. अब्बांचा उजवा हात गेला तेव्हापासून तर सगळं मीच. या सगळ्यात लग्नाचं वयही गेलं.

चालवायची मात्र फाटकापर्यंत. "बाईमाणसाने रस्त्यावर नको," म्हणे! सुकापूरच्या पोरी रोज दारावरून भुर्रकन जातात, त्या कोण?

११ मे

"आपा, जरा तयार करून दे ना. कर्नाळ्यापर्यंत चक्कर मारायचीय."

करून दे! रांधायचं मी, ताट त्याचं. टाकी उतरवली, गंज काढला, धुऊन उन्हात खडखडीत वाळवली.

१२ मे

तेल घालायचं राहिलं.

नाही. राहिलं नाही. मी घातलं नाही.

या इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, तरच पिस्टन घसरतो. माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण, लिटरला चार. लहानपणापासून हे माझंच काम. इमादने पंपावरून कॅन आणला आणि माझ्यासमोर टाकीत रिकामा केला. तेलाची बाटली माझ्या हातात होती. तो गॉगल आणायला आत गेला. मी बाटली फळीवर ठेवून दिली. जाम होऊ दे पिस्टन! मला नाही तर कुणालाच नाही.

तो गेला आणि मग डोक्यात आलं — पिस्टन धरला की मागचं चाकही जागच्या जागी धरतं. तेव्हा लगेच क्लच दाबायचा असतो. हे त्याला कोण सांगणार? पाच वेळा मोबाईल लावला. उचलत नाही. या अल्लाह!

१२ मे, संध्याकाळ

स्कूटर टेम्पोत घालून आणली. चढावर चाक धरलं, हा घसरत गेला. मनगट मोडलंय, गुडघा सोललाय. मागून ट्रक येत नव्हता म्हणून वाचला.

"माझंच काहीतरी चुकलं, आपा." मी त्याला हळद-दूध दिलं. लाज वाटली. खरं लिहायचं तर थोडं बरंही वाटलं, आणि त्याची जास्त लाज वाटली.

१४ मे

इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे. अब्बांनी तो डाव्या हातात घेतला, अंगठा फिरवला. "कोरडा."

"तेल घालतात हे मला माहीतच नव्हतं, अब्बा," इमाद म्हणाला.

अब्बांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "तू होतीस ना?"

मी हो म्हटलं. पाना घेऊन खाली बसले ते वर बघायची हिंमत झाली नाही.

१५ मे

अब्बांनी आज जवळ बसवून घेतलं. एकेक शब्द ओढत बोलले. "त्याला काही येत नाय. मी गेल्यावर... गाडीसाठी तरी... तुझ्याकडे येत राहील. म्हणून त्याला दिली."