पितळी अक्षराला वळसा

ॲन आर्बर, मिशिगन
२ एप्रिल १९७२

लेम्पीताई,
तुला आणि बाबांना नमस्कार. मी मजेत आहे. तू पाठवलेला वेलदोड्याचा पाव खोलीतल्या पोरांनी एका बैठकीत फस्त केला. बाबांचा खोकला कसा आहे? खाणीत जाताना मफलर घेतात ना?

इथवर बाबांना वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

गांजाबंदीचा जुना कायदा कोर्टाने मोडीत काढला होता, पण कालपासून नवा लागू झाला. त्याच्या निषेधात शेकडो पोरांनी कॉलेजच्या चौकात भरदुपारी उघड्यावर गांजा ओढला. "आता दर एक एप्रिलला जमायचं!" असं ओरडत होते. मी नुसता बघायला गेलो होतो, आईशप्पथ.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "पोलीस!" सगळे पळाले. चौकाच्या मधोमध जमिनीत मिशिगनचं पितळी अक्षर 'एम' बसवलंय. परीक्षेआधी त्यावर पाय पडला की नापास, असं इथे मानतात. नापास म्हणजे कॉलेज सुटलं, आणि सक्तीच्या लष्करभरतीतून थेट व्हिएतनाम. बाकीचे त्यावरून धावत सुटले. मी वळसा घालायला गेलो आणि एका कॅमेरावाल्याच्या पुढ्यात सापडलो. त्याने फोटो काढला, पण पेपरवाल्यांसारखं नाव विचारलं नाही; पोलिसांचाच माणूस असणार. तेव्हापासून दार वाजलं की मी आधी खिडकीतून खाली पोलिसांची गाडी आहे का बघतो.

ताई, रेइनोदादा लढाईवर जाण्याआधी मला भेटायला आला होता, तेव्हा त्यालाही मी दंडाला धरून त्या अक्षराला वळसा घालायला लावला. तो हसला. म्हणाला, "वेड्या, मला आता कसली परीक्षा?"

त्याचं पत्र आलं का गं?

तुझा धाकटा,
ताइस्तो