लिंबाचा वास टिकत नाही

४ मार्च
कुमारचा शर्ट आज कपाटातून काढला. वास ताजा. आत्ता कोणी नारत्तंगाय, ते मोठं आंबट लिंबू, सोललंय, असा. तो जाऊन दोन महिने होत आले — तिरुविडैमरुदूरच्या रस्त्यावर, बसखाली. शक्यच नाही. अत्तरात लिंबाच्या जातीचा वास सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात आधी उडतो. मागे राहतो तो वाळा, चंदन. आम्ही नवरा-बायकोनी याच धंद्यात इतकी वर्षं काढली, मला कळत नाही होय?

५ मार्च
आजही.

७ मार्च
संशय सासूबाईंवर. तेलाच्या बाटल्या त्यांच्या हाताशीच असतात. विचारलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मी समजले तू घालतेस गे. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून."
कपाटाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला.

८ मार्च
कुलूप तसंच. वास वाढलाय.

११ मार्च
शर्ट साबणाने खसाखसा धुतला. दिवसभर गच्चीवर उन्हात. काढताना हाताला गार लागला — खडखडीत वाळलेला, तरी गार. आणि वास!
मग एकदम उमगलं. शेवटी शेवटी कुमारला एकच ध्यास होता — लिंबू टिकवायचं. काय मिसळतोस विचारलं की हसायचा. "जमलं की सांगेन, शरण्या." म्हणजे जमलं होतं त्याला. सांगायचं राहून गेलं. खूप रडले. भुताखेताचं काही नाही, माझ्या नवऱ्याच्या हातचं काम आहे हे.

१२ मार्च
शर्ट चेन्नईच्या प्रयोगशाळेला कुरियरने पाठवला. यात काय मिसळलंय ते शोधा म्हटलं. कुंभकोणमात कोण तपासणार? सासूबाई शर्ट सोडेनात. "त्याला कशाला परगावी धाडतेस गे?" त्याला म्हणजे शर्टाला, असं मी समजले.

१३ मार्च
घरात वास नाही. सासूबाई जेवल्या नाहीत.

१८ मार्च
प्रयोगशाळेतल्या विजयलक्ष्मीचा फोन. "कापडात काही नाही, मॅडम. थोडा साबण, बस्. लिंबाचा अंशही नाही."
मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिने आवाज खाली आणून विचारलं, "पार्सलबरोबर तुम्ही कोणाला पाठवलंय का?"