डावीकडचा समास

लुडविग्सहाफेन
२८ सप्टेंबर २०२५

ती. मालूआत्यास,
संपदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझा नियम पाळते आहे. फोन आजारपणासाठी, बाकी सगळं कागदावर. टपालाला तीन आठवडे लागतात म्हणून पत्राचा फोटो काढून पाठवते, एवढी सूट दे.

तू सुचवलेल्या मयुरेशला आता बऱ्यापैकी भेटून झालं आहे. र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या दिव्यांवर काम करतो, कमी बोलतो, वरण उत्तम करतो. आमचा एक विषय लगेच जुळला, तो म्हणजे तोराबुकी. आठवतं का, शाळेतून आले की मी नांदेडला तुझ्याकडे टीव्हीसमोर बसायची? फाटक्या बाहीचा जपानी कराटेवाला, प्रत्येक लढाईत आधी हरायचा आणि हिंदीत लांबलचक भाषणं करायचा. ती कथा आमच्या जन्माआधीपासून चालू आहे आणि अजून संपलेली नाही. मयुरेशकडे तिच्या मूळ चित्रकथेचे शंभरावर खंड आहेत, भिंतभर. मला सगळं माहीत आहे, असं मी त्याला सांगून टाकलं. तो फार खूश झाला.

आता दुसरी बाजू. गेल्या रविवारी त्याच्या घरी गेले, तर खाली घंटेच्या पाटीवर दोन आडनावं होती. एक त्याचं, त्याखाली ब्रांट. इथे पाटीवर नाव असतं ते घरात राहणाऱ्याचं. त्याशिवाय पोस्टमन पत्र टाकत नाही. शिवाय शनिवारी तो कधीच मोकळा नसतो. फ्रँकफुर्टला चित्रं काढणाऱ्यांचा गट आहे म्हणतो.

मी विचारलं नाही. विचारलं की माणूस उत्तर तयार करतो. नुसतं बघितलं तर जे आहे ते दिसतं. मी पाटी बघताना त्याने मला बघितलं, एवढं मात्र नक्की.

आत्तोबांना नमस्कार. माया आहेच, ती पत्रातून थोडी इकडे पाठव.

तुझी,
संपदा

~

नांदेड
३ ऑक्टोबर २०२५

चि. संपदास,
मालूआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल दसरा झाला. तुझ्या वाटणीचं सोनं देवापुढे ठेवलं आहे. तुझं पत्र आत्तोबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगी लग्न ठरवते आहे की बॉयलर तपासते आहे? मी म्हटलं, बॉयलर बरा, तो निदान शिट्टी तरी देतो.

अगं, समोर बसून वरण खाल्लंस ना? मग समोर बसून विचारायला काय झालं? तुझ्या बाबालाही हीच सवय. लहानपणी ताटात मीठ कमी असलं तर मागायचा नाही, आईकडे बघत बसायचा. आईला वाटायचं, मुलगा रुसला.

मयुरेशच्या आईचा फोन आला होता. दिवाळीपर्यंत काय ते कळवा म्हणाल्या. घाई नाही म्हणतात, पण आठवड्यातून दोनदा म्हणतात. मी तुझ्या वतीने काहीही बोललेली नाही.

थंडी सुरू झाली असेल. पाय झाकून झोप. इथे तुझ्यावर जीव आहे, हे धरून चाल.

तुझी,
मालूआत्या

~

लुडविग्सहाफेन
१२ ऑक्टोबर २०२५

ती. मालूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात ब्रांट या नावाबद्दल एक अक्षर नाही. तुला आश्चर्य वाटलेलं नाही. म्हणजे तुला काही माहीत होतं का? हे मी सरळ विचारते आहे, नोंद घ्यावी.

परवा माइन्झ स्टेशनवर भेटलो. मयुरेशने एक आडवा कागद हातात दिला. मी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे म्हणाला, आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेला. कागदावर तोराबुकीच्या पद्धतीने काढलेल्या चार चौकटी आहेत, शब्द एकही नाही. नायकाची बाही फाटकी आहे, चेहरा मयुरेशचा.

पहिल्या चौकटीत तो आणि चष्मा लावलेली मुलगी टेबलाशी बसलेत, मध्ये दोन कप. ती मी. दुसरीत तो कराटेच्या रिकाम्या हॉलमध्ये एकटाच आहे, हाताचं बँडेज सोडतो आहे. तिसरीत प्लॅटफॉर्मवर उभा आहे, हात गळ्यात बांधलेला. चौथीत बंद दारापाशी आखूड केसांची बाई, दोघांच्या हातांमध्ये घराची किल्ली, आणि दाराशेजारी पाटीवर दोन नावं.

म्हणजे मी सुरुवातीला, मग गोंधळ, आणि शेवटी घर त्या बाईचं. तोंडाने सांगायचं धैर्य नव्हतं म्हणून चित्र. मनगट मात्र निष्काळजीपणे काढलं आहे. टेबलाच्या चित्रात, काही घडायच्या आधीच, तिथे चिकटपट्टी दिसते. डावीकडे पानाची रुंद पट्टी कोरी सोडली आहे, आमच्या कारखान्यातल्या ड्रॉइंगवर फाइलची भोकं पाडायला समास सोडतात तशी.

रात्री मी त्याला लिहिलं, चित्र समजलं, पुढे जायला नको. त्याचं उत्तर आलं: ठीक आहे. एवढंच.

कागदाचा फोटो सोबत आहे. त्याच्या आईला नकार कळव. माझ्यावर रागावलीस तरी चालेल, परकी मानू नकोस.

तुझी,
संपदा

~

नांदेड
१६ ऑक्टोबर २०२५

चि. संपदास,
अनेक आशीर्वाद.

नकार कळवलेला नाही. आधी हे वाच.

तुझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकले, हे तुला माहीत आहे. म्हातारपणी त्यांची नजर गेली, तेव्हा त्यांना उर्दू पेपर मीच वाचून दाखवायची. रविवारच्या अंकात चित्रांची गोष्ट असायची. ती उजवीकडून सुरू व्हायची. तुझा फोटो उघडला आणि माझा डोळा सवयीने उजव्या टोकाला गेला.

उजवीकडून बघ. बाई किल्ली परत देते आहे. हात धड आहे. मग हात गळ्यात, एकटा प्लॅटफॉर्मवर. मग हॉलमध्ये बँडेज सुटतं. मग तू, दोन कप, आणि मनगटावर उरलेली चिकटपट्टी. पाटीवरची नावं इतकी जपून काढणारा माणूस मनगट चुकीचं काढेल का? जपानी लिखाण कुठून सुरू होतं हे मला ठाऊक नाही. ते तू शोध.

आता तुझा सरळ प्रश्न. हो, माहीत होतं. त्याच्या आईने मला सांगितलं होतं की तो एका मुलीबरोबर दोन वर्षं राहत होता आणि ते मोडलं. मी त्याला फोन करून म्हटलं, माझ्या तोंडून तिला कळणार नाही, तूच सांग. मी गप्प राहिले कारण ती गोष्ट त्याची होती. तुला हे आवडणार नाही.

तुझ्या निरोपाचा त्याने काय अर्थ लावला असेल, याचा विचार कर. त्याने सगळं उघडून दाखवलं, आणि तू म्हणालीस, समजलं, नको.

रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी,
मालूआत्या

~

लुडविग्सहाफेन
२४ ऑक्टोबर २०२५

ती. मालूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच संशय आला. स्थळ तू आणलंस, मग गोष्ट फिरवून सांगण्यात फायदाही तुझाच. म्हणून मानहाइमच्या कॉमिक्सच्या दुकानात गेले. तोराबुकीचा जर्मन खंड घेतला आणि नेहमीसारखं पहिलं पान उघडलं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: थांबा, हा पुस्तकाचा शेवट आहे, उलटं फिरवा आणि उजवीकडून वाचा. खाली चौकटींना आकडे घालून दाखवलं होतं. मी टीव्ही पाहिला होता, आत्या. पुस्तक आयुष्यात हातात धरलं नव्हतं. आणि कारखान्यात मी रोज जी ड्रॉइंग वाचते, त्यांत सगळं डावीकडून आत शिरतं आणि उजवीकडून बाहेर पडतं.

पाडव्याला संध्याकाळी र्युसेल्सहाइमला गेले. पाटीवर ब्रांट अजून होती. मी दारातच विचारलं, ही कोण. आयुष्यात पहिल्यांदा असं तोंडावर विचारलं. आवाज जरा मोठाच निघाला. त्याने सांगितलं, जे चित्रात होतं तेच, त्याच क्रमाने. ती दीड वर्षापूर्वी हाम्बुर्गला गेली. पाटी बदलायचं काम हाउसफरवाल्टुंगचं, म्हणजे इमारतीची व्यवस्था बघणाऱ्यांचं, त्यांना तो लिहून थकला. इथे माणूस जातो, पाटी राहते. हात खरंच मोडला होता, पण कराटेत नाही, सायकलवरून पडून. कराटे त्याला अजिबात येत नाही.

त्याला वाटलं होतं, मी सगळं नीट वाचलं आणि त्याचा भूतकाळ मला चालला नाही. म्हणून त्याने ठीक आहे लिहिलं आणि दिवाळीचा आकाशकंदील खोक्यातच ठेवला. बरोबर नेलेला कागद पुढे ठेवून मी उलटं वाचलं हे सांगितलं. त्याने विचारलं, आणि डावीकडची कोरी जागा? मी म्हटलं, फाइलचा समास. त्यावर तो इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

ती पाचवी चौकट होती. माझ्यासाठी मोकळी ठेवलेली.

त्याच्या आईला होकार कळवू नकोस. नकारही नको. शनिवारी मी त्या फ्रँकफुर्टच्या गटाला जाणार आहे, गट खरंच आहे का ते बघायला. मला चित्र येत नाही, तरी त्याच्या टेबलाशी बसून पाचव्या चौकटीत घंटेची पाटी काढली, पट्टीने मोजून, दोन ओळींची. वरच्या ओळीत त्याचं आडनाव घातलं. खालची कोरी ठेवली, आणि पेन्सिल तिथेच ठेवून आले.

तू गप्प राहिलीस त्याचा राग आठवडाभर तरी टिकेल. लोभ तेवढा कमी करू नकोस. संशयाचं मी बघते.

तुझी,
संपदा